कंपवात व लाळपरीक्षण : भोर-वेल्हे परिसरातील वैद्यकव्यवसायाच्या संदर्भात

प्रस्तावना

वातव्याधींच्या समूहात कंपवाताचे स्थान वेगळे आहे. हा व्याधी हलक्या पावलांनी येतो, वर्षानुवर्षे राहतो आणि त्याचे निदान आजही मुख्यतः चिकित्सकाच्या दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेवरच अवलंबून असते. प्रमेहात रक्तशर्करा मोजता येते, पांडुरोगात हिमोग्लोबिन मोजता येते. कंपवातात मात्र दवाखान्यात सहज मोजता येईल असे काही हाती नाही. म्हणूनच गेल्या दीड दशकात देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी रुग्णाच्या लाळेत या व्याधीची खूण शोधण्याचा प्रयत्न चालविला आहे. अशा खुणेस जैवनिर्देशक म्हणजेच बायोमार्कर म्हणतात. सुई नाही, शस्त्र नाही, वेदना नाही. नळीत लाळ द्यावी आणि निदान मिळावे, ही कल्पना कोणासही आवडावी अशीच आहे.

भोर व वेल्हे या तालुक्यांत काम करणाऱ्या वैद्यास तर तिचे आकर्षण अधिकच वाटते. वेल्हे तालुक्यास शासनाने आता राजगड हे नाव दिले आहे. परंतु रुग्णांच्या तोंडी अजून जुनेच नाव असल्याने आम्हीही येथे तेच वापरीत आहोत. राजगड-तोरण्याच्या पायथ्याची, पानशेतच्या जलाशयापलीकडची, भाटघर व नीरा-देवघर धरणांच्या काठावरची अनेक गावे अशी आहेत की, तेथून मज्जाविकारतज्ज्ञास दाखवावयाचे तर पुणे गाठावे लागते. घरातील कर्ती मंडळी नोकरीसाठी शहरात आणि गावी वृद्ध आईवडील, ही स्थिती आता सर्वत्र आहे. पावसाळ्यात एस. टी. ची एक फेरी चुकली तरी दिवस वाया जातो. अशा रुग्णास प्रथम भेटतो तो गावातील किंवा बाजाराच्या ठिकाणचा वैद्यच. त्याने वेळीच ओळखले तर ठीक. अन्यथा "वय झाले, हात कापणारच" या समजुतीवर दोन-चार वर्षे सहज निघून जातात.

लाळेत नेमके काय शोधले जात आहे, ते कितपत विश्वसनीय आहे आणि ते व्यवहारात येईपर्यंत आपण काय करावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आमचे मत प्रारंभीच नमूद करतो. लाळपरीक्षण हे आज संशोधनाचे साधन आहे, निदानाचे नव्हे. मात्र या संशोधनातून लाळेविषयी जे कळले आहे, त्यातील काही भाग वैद्यास आजपासूनच उपयोगी पडणारा आहे.

व्याधिपरिचय

लंडनमधील वैद्यक व्यावसायिक जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडे चरकसंहितेत वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांमध्ये वेपथूची गणना आहे. माधवनिदानात वातव्याधीच्या अध्यायात वेपथूचा उल्लेख येतो. तर बसवराजीयम् या ग्रंथात कंपवात या नावाखाली हातापायांच्या कंपाबरोबरच निद्राभंग व बुद्धीची क्षीणता यांचाही निर्देश आहे. या वर्णनांचे पार्किन्सनच्या व्याधीशी साम्य आहे. परंतु ग्रंथोक्त कंपवात म्हणजे तंतोतंत तोच व्याधी असे समीकरण मांडू नये. कंप हे लक्षण अनेक व्याधींत आढळते.

आधुनिक शास्त्रानुसार या व्याधीत मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. उरलेल्या पेशींत जे पिंड दिसतात, त्यांना ल्यूई पिंड म्हणतात. त्यांचा मुख्य घटक अल्फा-सायन्युक्लीन हे प्रथिन आहे, हे १९९७ मध्ये स्पष्ट झाले. हे प्रथिन निरोगी माणसाच्या शरीरातही असतेच. व्याधीत त्याची घडी चुकते, चुकीच्या घडीचे रेणू एकमेकांस चिकटतात आणि त्यांचे पुंजके बनतात. म्हणजे येथे प्रश्न केवळ "किती" असा नसून "कोणत्या स्वरूपात" असाही आहे. पुढील विवेचनात हा भेद सतत ध्यानात ठेवावा.

लाळच का?

लाळेचा आणि मेंदूचा संबंध काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. लालाग्रंथींना मस्तिष्कनाड्यांकडून प्रेरणा मिळते. कर्णमूळ ग्रंथीस नवव्या नाडीद्वारे, तर हन्वधर व जिव्हाधर ग्रंथींना सातव्या नाडीच्या शाखेद्वारे. जर्मनीतील ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले की, अनेक रुग्णांत ही विकृती प्रथम गंधग्रहणाच्या केंद्रात व मेंदूच्या देठातील खालच्या नाडीकेंद्रांत दिसते आणि मग वर सरकते. त्यानंतर हन्वधर ग्रंथीतील नाडीतंतूंतही अल्फा-सायन्युक्लीनचे विकृत पुंजके आढळल्याचे मरणोत्तर तपासणीतून दिसून आले. ग्रंथीतच विकृती पोहोचत असेल, तर तिच्या स्रावात खूण मिळावी, हा या संशोधनामागील तर्क आहे.

विकृती मस्तिष्काबाहेर, महास्रोतसाच्या नाडीजालातही आढळते आणि मलावष्टंभ हे लक्षण कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते. पक्वाशय हे वाताचे विशेष स्थान मानणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अभ्यासकास हे वाचून कुतूहल वाटणे साहजिक आहे. परंतु "हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते" असे म्हणून थांबणे आम्हास योग्य वाटत नाही. साम्य दिसले तर ते तपासावे. तपासल्याविना त्यास प्रमाण म्हणू नये.

लालास्राव : वृद्धी नव्हे, अवरोध

येथे एका नेहमीच्या गैरसमजाचा विचार करणे आवश्यक आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या तोंडातून लाळ गळते, उशी भिजते, बोलताना ओठांच्या कडा ओल्या राहतात. हे पाहून लाळेची उत्पत्ती वाढली असा निष्कर्ष काढला जातो. बोधक कफाचे स्थान रसना असल्याने ही कफवृद्धी मानून त्रिकटूसारखी तीक्ष्ण-रूक्ष द्रव्ये देण्याकडे कल होतो. प्रत्यक्ष मोजमाप केले असता, या रुग्णांत लाळेची निर्मिती सामान्य किंवा त्याहून कमीच आढळते. निरोगी माणूस नकळत वरचेवर लाळ गिळत असतो. कंपवातात ही नकळत होणारी क्रिया मंदावते, मान पुढे झुकते, ओठ पुरते मिटत नाहीत, आणि साचलेली लाळ बाहेर पडते.

दोषदृष्ट्या पाहता येथे मूळ बिघाड गतीचा, म्हणजे वाताचा आहे. कफाचा संचय हा त्याचा परिणाम आहे. अशा रुग्णास रूक्षण करीत राहिल्यास मुखशोष, मलावष्टंभ व वातप्रकोप वाढण्याचा संभव राहतो. त्याऐवजी ताठ बसविणे, हनुवटी किंचित आत ठेवण्यास शिकविणे, "गिळा" अशी वेळोवेळी आठवण देणे, जेवताना घाई न करणे, हे उपाय साधे असून उपयुक्त आहेत.

यापेक्षा महत्त्वाची बाब म्हणजे लालास्राव हे गिळण्याच्या दोषाचे दृश्य चिन्ह आहे. जेवताना ठसका लागणे, पाणी पिताच खोकला येणे, जेवणानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर होणे, वजन घटणे, वारंवार ज्वर येणे, ही लक्षणे असल्यास अन्न वा लाळ श्वासमार्गात जात असण्याची शक्यता असते. त्यातून होणारा फुप्फुसदाह हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. प्रयोगशाळेत न जाताही लाळ आपणास इतके सांगते. ते प्रथम ऐकावे.

आजवरचे संशोधन

लाळेतील अल्फा-सायन्युक्लीनविषयीचा एक महत्त्वाचा प्रारंभिक अभ्यास अमेरिकेतील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांच्या लाळेत हे प्रथिन कमी असण्याकडे, तर डीजे-१ हे दुसरे प्रथिन वाढलेले असण्याकडे कल दिसला. पुढे २०१६ मध्ये इटलीतील अभ्यासात एकूण अल्फा-सायन्युक्लीन घटलेले आणि त्याचे परस्परांस चिकटलेले रूप वाढलेले आढळले. त्याच वर्षी चीनमधील अभ्यासात एकूण प्रमाणात फरक दिसला नाही; चिकटलेले रूप मात्र तेथेही वाढलेलेच होते. भारतातही या दिशेने काम झाले असून, नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये लाळेतील एक्सोसोम या अतिसूक्ष्म पुटिकांविषयी प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध केला.

या अभ्यासांतून एक बोध मिळतो. प्रथिनाचे एकूण प्रमाण मोजून उपयोग होत नाही. एका ठिकाणी ते घटते, दुसऱ्या ठिकाणी तसेच राहते. विकृत रूपाचा शोध घेतला तर निष्कर्ष अधिक जुळतात. याच विचारातून बीजवर्धन ही पद्धत पुढे आली. तिच्या एका प्रकारास आरटी-क्विक असे नाव आहे.

ही पद्धत विरजणाच्या दृष्टांताने समजते. दुधात दह्याचा एक थेंब पडला तरी काही तासांत सारे दूध दही होते. थेंब नसेल तर दूध दूधच राहते. तद्वत येथे प्रयोगशाळेत तयार केलेले निर्दोष अल्फा-सायन्युक्लीन हे दूध, आणि रुग्णाची लाळ हे संशयित विरजण. लाळेत चुकीच्या घडीचे अत्यल्प बीज असेल, तर ते निर्दोष रेणूंनाही आपल्यासारखे वळवते. पुंजके तयार होऊ लागले की त्यांना चिकटणारे एक रंगद्रव्य चमकू लागते व यंत्र ती चमक मोजते. दृष्टांताची मर्यादा एवढीच की, दह्यात सजीव जंतू असतात, येथे केवळ प्रथिन आहे.

मस्तिष्क-मेरुद्रवावर ही पद्धत बरीच यशस्वी ठरली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१२३ व्यक्तींच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांपैकी ८७.७ टक्के रुग्णांत ती सकारात्मक आली. परंतु त्यासाठी कमरेच्या मणक्यांतून सुईने द्रव काढावा लागतो. लाळेवर हीच पद्धत वापरून २०२२ मध्ये चीनमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ पार्किन्सन रुग्णांपैकी ७६ टक्के सकारात्मक आले, तर निरोगी व्यक्तींपैकी ९४.४ टक्के नकारात्मक आले. त्याच अभ्यासात मल्टिपल सिस्टिम अॅट्रोफी या निराळ्या व अधिक वेगाने वाढणाऱ्या व्याधीच्या ६१.१ टक्के रुग्णांतही परीक्षण सकारात्मक होते. म्हणजे हे परीक्षण या दोन व्याधींना एकमेकांपासून वेगळे काढण्यास पुरेसे नाही.

आकड्यांचा व्यवहारातील अर्थ

९४.४ टक्के हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु तो कोठे वापरावयाचा यावर त्याचा अर्थ ठरतो. उदाहरणादाखल असे गृहीत धरू की, एखाद्या आरोग्य शिबिरात साठीपुढील १,००० व्यक्ती आल्या आणि त्यांतील १० जणांना खरोखर हा व्याधी आहे. लाळपरीक्षणाने त्यांतील ७ किंवा ८ सापडतील, २ किंवा ३ सुटतील. उरलेल्या ९९० निरोगी व्यक्तींपैकी ५.६ टक्के, म्हणजे सुमारे ५५ जणांचे परीक्षण खोटे सकारात्मक येईल. म्हणजे सकारात्मक आलेल्या सुमारे ६३ जणांत खरा रुग्ण आठात एक. बाकीची ५५ माणसे असाध्य व्याधीची धास्ती घेऊन घरी जातील. काहीजण कर्ज काढून पुण्यास तपासण्या करतील.

आता दुसरे उदाहरण घेऊ. वैद्याने नीट तपासून ज्यांच्याविषयी दाट संशय धरला असे १०० रुग्ण आहेत व त्यांतील ५० जणांना व्याधी आहे. येथे परीक्षण ३८ जणांत खरे सकारात्मक येईल व खोटे सकारात्मक केवळ ३ च्या सुमारास येतील. तेच परीक्षण, तेच आकडे. परंतु आधी वैद्याने चाळण लावल्यामुळे फलितात एवढा फरक पडला. मात्र येथेही १२ खरे रुग्ण नकारात्मक येतात. म्हणून नकारात्मक लाळपरीक्षणावर विसंबून लक्षणे असलेल्या रुग्णास "तुम्हास काही नाही" असे सांगता येणार नाही. उद्या हे परीक्षण स्वस्त झाले तरी वैद्याची परीक्षा अनावश्यक ठरणार नाही, उलट तिच्यावरच त्याचे मूल्य अवलंबून राहील. गावोगाव शिबिरे भरवून सरसकट लाळ तपासण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर आपण वैद्यांनी हा हिशेब समोर ठेवावा.

लाळेचा नमुना व आपला परिसर

उद्या पुण्यातील एखाद्या संशोधन संस्थेस ग्रामीण रुग्णांचे नमुने हवे झाले, तर ते आपल्यामार्फतच मिळतील. त्या दृष्टीने काही अडचणी आजच समजून घेणे इष्ट आहे.

पहिली अडचण रक्ताची. रक्तातील अल्फा-सायन्युक्लीनचा फार मोठा अंश तांबड्या पेशींत असतो. हिरड्यांतून आलेले किंचितसे रक्त लाळेत मिसळले तरी प्रथिनाचे मोजमाप बिघडते. आपल्या भागात मशेरी लावण्याची सवय, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, आजही आढळते. तंबाखू-चुन्याचे सेवन पुरुषांत आहे. दंतमूलगत विकार, हिरड्यांतून रक्त येणे, हलणारे दात हे नित्याचे आहे. अशा मुखातील लाळ ही शुद्ध लालाग्रंथींची लाळ नव्हे. म्हणून नमुन्यापूर्वी मुखपरीक्षण आवश्यक आहे.

दुसरी अडचण दिनचर्येची. आपण रुग्णास दंतधावन, जिव्हानिर्लेखन, गंडूष व कवल सांगतो. ते हितकरच आहे. परंतु नमुना देण्याच्या सकाळी जीभ खरवडल्यास रक्त येऊ शकते आणि तैलगंडूषाने नमुन्यात स्नेह मिसळतो. त्या दिवशी हे विधी नमुना दिल्यानंतर करावेत.

तिसरी अडचण उत्तेजनाची. काही चघळत असताना येणाऱ्या लाळेत कर्णमूळ ग्रंथीचा वाटा वाढतो. स्वस्थ बसले असता हन्वधर ग्रंथीचा वाटा अधिक असतो. दोन्हींची घटना भिन्न आहे. एका रुग्णाची स्वस्थ लाळ व दुसऱ्याची आवळा चघळून आलेली लाळ यांची तुलना होऊ शकत नाही. सामान्यतः किमान एक तास अन्नपान, तंबाखू व दात घासणे वर्ज्य करून, साध्या पाण्याने चूळ भरवून, काही मिनिटे थांबून, रुग्णास ताठ बसवावे, मान किंचित पुढे करावी व लाळ आपोआप नळीत गळू द्यावी. खाकरून काढलेला कफ लाळ म्हणून घेऊ नये.

चौथी अडचण शीतसाखळीची. लाळेत प्रथिनांचे विघटन करणारी द्रव्ये व जंतू असतात. नमुना लगेच बर्फात ठेवणे, लवकर अपकेंद्रण करणे व उणे ८० अंश सेल्सिअसला साठविणे अपेक्षित असते. केळद किंवा हिर्डोशीकडील गावातून निघालेली नळी नसरापूरमार्गे पुण्यास पोहोचेपर्यंत उन्हात राहिली, तर तिच्यातून निघालेला निष्कर्ष व्याधीचा नसून प्रवासाचा असेल. भात कोणता वापरला, पाणी किती घातले हे न सांगता पेजेच्या दाटपणाची तुलना करावी, तसेच हे होईल.

औषधांचा विचार

नमुना घेताना रुग्ण कोणती औषधे घेत आहे व शेवटची मात्रा केव्हा घेतली याची नोंद नसेल, तर निष्कर्षास अर्थ राहत नाही. हीच नोंद चिकित्सेसाठीही अत्यावश्यक आहे. तीन द्रव्यांचा येथे विशेष उल्लेख करतो.

कपिकच्छू : सह्याद्रीच्या कुंपणांवर व रानात वाढणारी खाजकुइली आपणा सर्वांस परिचित आहे. हिच्या बीजांत लेव्होडोपा असल्याचे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये दाखविले. मुंबईतील डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये या बीजाचा पार्किन्सनच्या रुग्णांतील उपयोग प्रसिद्ध केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या १८ रुग्णांच्या एका भारतीय अभ्यासात कपिकच्छू, अश्वगंधा, बला व खुरासानी ओव्याची एक जाती यांचा योग गाईच्या दुधातून दिला होता. हा आपल्या शास्त्राच्या अभिमानाचा विषय खराच. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की, कपिकच्छू चूर्ण देणे म्हणजे लेव्होडोपा देणे होय. रुग्ण पुण्याच्या तज्ज्ञांकडून लेव्होडोपाच्या गोळ्या घेत असेल आणि आपण मात्रा न विचारता चूर्ण दिले, तर मळमळ, उभे राहताच रक्तदाब घटून पडणे, अनैच्छिक हालचाली व भास होण्याचा धोका वाढतो. उलट, आपल्या औषधाच्या भरवशावर गोळ्या एकाएकी बंद करणे त्याहून घातक आहे. त्याने तीव्र स्तंभ, ज्वर व प्राणसंकट उद्भवू शकते. बदल करावयाचा तो तज्ज्ञांशी बोलून, क्रमाक्रमानेच.

खुरासानी ओवा : यातील द्रव्ये कंप कमी करतात, परंतु लाळ शोषतात. आधुनिक औषधांपैकी ट्रायहेक्सिफेनिडिलचेही तसेच आहे. यांनी लाळ गळणे थांबले तरी गिळण्याचा दोष सुधारला असे समजू नये. वृद्धांत मूत्रावरोध, मलावष्टंभ व बुद्धिभ्रम यांकडे लक्ष ठेवावे.

सर्पगंधा : मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबातील हिची उपयुक्तता जगापुढे मांडली. हिच्यातील रिसर्पिन मेंदूतील डोपामीन रिक्त करते. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिनने निश्चेष्ट केलेले प्राणी लेव्होडोपाने पुन्हा हालचाल करू लागल्याचे दाखविले, आणि पार्किन्सनच्या चिकित्सेचा मार्ग त्यातून खुला झाला. त्यांना २००० साली नोबेल पुरस्कार मिळाला. यास्तव कंप व स्तंभाचा नवा रुग्ण समोर आला की, तो झोपेसाठी वा रक्तदाबासाठी सर्पगंधायुक्त गोळ्या घेतो काय, हे विचारावेच. चक्कर, उलटी व मानसविकारांवरील काही आधुनिक औषधांनीही, उदाहरणार्थ सिनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड, हॅलोपेरिडॉल, असेच चित्र उभे राहते. येथे व्याधी औषधजन्य असून कारण दूर होताच बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत उतरतो. लाळेतील बीजवर्धन परीक्षण भविष्यात विश्वसनीय झाले, तर औषधजन्य व खरा कंपवात यांतील भेद करण्यास ते साहाय्यभूत ठरावे, अशी अपेक्षा आहे.

वैद्याने आज काय करावे

१. कंप नसला तरी संशय धरावा. या व्याधीच्या निदानात गतिमांद्य हे मुख्य लक्षण असून त्याच्या जोडीस विश्रामकंप किंवा स्तंभ असावा लागतो, असा आंतरराष्ट्रीय निकष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. एका बाजूचा हात चालताना न हलणे, बांधावरून चालताना एक पाय ओढणे, भातलावणीत हात मागे पडणे, सदऱ्याची बटणे लावण्यास वेळ लागणे, ही आपल्याकडील रुग्णांची भाषा आहे.

२. पूर्वरूपांची चौकशी करावी. मलावष्टंभ किती वर्षांपासून आहे? आंबेमोहोराच्या भाताचा किंवा हिंगाच्या फोडणीचा वास पूर्वीसारखा येतो काय? झोपेत ओरडणे, लाथा झाडणे असते काय? शेवटचा प्रश्न सहचरास विचारावा. रुग्णास त्याची जाणीव नसते.

३. अक्षर पाहावे. सोसायटीच्या जुन्या कागदावरील सही व आजची सही शेजारी ठेवावी. अक्षर लहान व दाटीचे होत गेलेले असल्यास ती मोलाची खूण आहे.

४. कंपाचा प्रकार ओळखावा. हात मांडीवर स्वस्थ असताना होणारा कंप व पेला उचलताना होणारा कंप हे भिन्न आहेत. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः घराण्यात इतरांसही असल्यास, निराळा व्याधी संभवतो.

५. संशय दृढ होताच एकदा तरी मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे, व सोबत आपली लेखी टिपणी द्यावी. त्यात लक्षणांचा काळ, बाजू, सर्व औषधे व मात्रा लिहाव्यात. आपल्या चूर्णांची नावे लपवू नयेत.

६. दर भेटीत गिळणे, वजन, मलप्रवृत्ती, झोप व पडण्याचे प्रसंग यांची नोंद ठेवावी. अभ्यंग, मृदु स्वेदन, बस्ती, बल्य आहार व नियमित व्यायाम यांचा आधार रुग्णास द्यावा. परंतु व्याधी मुळातून जाईल असे आश्वासन देऊ नये.

७. लाळेवरून खात्रीचे निदान करून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्यांपासून रुग्णास सावध करावे. खऱ्या संशोधन प्रकल्पास नैतिकता समितीची मान्यता असते, रुग्णास समजेल अशा मराठीत संमतिपत्र असते आणि नमुन्यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत.

८. कुटुंबास एकटे वाटू देऊ नये. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे रुग्ण व शुभंकरांच्या परस्पर आधाराचे कार्य करते. त्याची माहिती गावातील कुटुंबांपर्यंत पोहोचवावी.

उपसंहार

योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत मूत्र आहे, मल आहे, जिव्हा आहे. लाळ स्वतंत्रपणे नाही. उद्या ती नववी परीक्षा म्हणून वैद्याच्या हाती आली तर आपण तिचे स्वागतच करू. परंतु आज तिच्याविषयीचे निष्कर्ष आशादायक असले तरी अपुरे आहेत; नमुना घेण्याच्या पद्धतीवर ते डळमळतात आणि निरोगी व रोगी यांतील रेषा त्यांना अद्याप स्पष्ट आखता आलेली नाही.

दरम्यान, तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत ज्या वृद्धाचा उजवा हात हल्ली चालताना हलत नाही, त्याच्यासाठी सर्वांत जवळचे निदानसाधन आपणच आहोत. त्याची लाळ गळते काय हे पाहावे, तो गिळतो कसा हे विचारावे, तो काय घेतो हे लिहून ठेवावे. अशा नीट ठेवलेल्या नोंदी हाच भावी संशोधनाचा पाया ठरेल, आणि त्या रुग्णास मिळणारा लाभ तर आजचाच आहे. आमच्या वैद्यबंधुभगिनींनी आपापल्या परिसरातील कंपवाताच्या रुग्णांच्या अशा नोंदी ठेवण्यास येत्या तिमाहीपासूनच प्रारंभ करावा, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.